लढाई एक, दर दोन
जुलै १९४१मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी फिलिपिनी फौजा अमेरिकी सैन्याच्या सेवेत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात अडीच लाखांहून अधिक जण लढले. फेब्रुवारी १९४६मध्ये एका कायद्याने, लाभ देण्यापुरती, ती सेवा सेवाच नव्हे असं ठरवून टाकलं. अमेरिकी नागरिकत्वाचं दार उघडलं १९९०मध्ये, शिपायांचे आजोबा झाल्यावर. तरी हजारो आले. सॅन फ्रान्सिस्कोत एकेका खोलीत दाटीवाटीने राहून तुटपुंज्या भत्त्यातले पैसे घरी धाडत राहिले. सज्ञान मुलांना सोबत आणता येईना. विवाहित मुलांची व्हिसाची रांग तर वीस वर्षांवर गेलेली. २००९मध्ये एकरकमी भरपाई मिळाली: अमेरिकी नागरिकाला १५,००० डॉलर, इतरांना ९,००० (गोळ्या मात्र सगळ्यांवर सारख्याच सुटल्या होत्या). रांग संपण्याआधी मुलांना बोलावून घेण्याची सोय २०१६मध्ये झाली. तोवर हयात असलेले बहुतेक नव्वदीत होते.