कृष्णधवल मनोरे

उंच इमारतींचे फोटो मी कृष्णधवलच काढतो. रंग बाजूला झाला की नजर थेट आकारावर आणि सावल्यांवर जाते. लेन्सवर लाल फिल्टर चढवला की निळं आकाश गडद होतं, उन्हातली भिंत उठून दिसते. कॅमेरा वर कलवला तर उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. म्हणून समोरच्या इमारतीचा मधला मजला गाठावा.

माझा आदर्श म्हणजे छायाचित्रकार बेरेनिस ॲबट. १९३० च्या दशकात त्यांनी एम्पायर स्टेट बिल्डिंगमधून रात्रीचं न्यूयॉर्क टिपलं. कचेऱ्यांतले दिवे पाच वाजता मालवू लागत. त्याआधी अंधार हवा, म्हणून त्यांनी डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस निवडला. एक्सपोजर तब्बल १५ मिनिटांचं! वेळ आधी ठरवा, कॅमेरा मग उचला.