कुटुंबवैद्यकाचे शिक्षण : मावळची गरज

आंदर, नाणे व पवन मावळातील वाड्यावस्त्यांवरचा रुग्ण प्रथम जातो तो जवळच्या डॉक्टरांकडे. जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या पोटात पहाटे कळ येते, पापण्या मिटू लागतात. दंशाची खूण दिसत नसली तरी हा मण्यारदंश असू शकतो, हे तत्काळ ओळखावे लागते. प्रतिविष व गरजेनुसार कृत्रिम श्वास वेळेत मिळाल्यास प्राण वाचू शकतात.

अशी नजर घडविण्यासाठी एम.बी.बी.एस.नंतर कुटुंबवैद्यकाचा ३ वर्षांचा डी.एन.बी. अभ्यासक्रम आहे. त्यात मेडिसिन, बालरोग, प्रसूती, शस्त्रक्रिया अशा विभागांतील अनुभव मिळतो. या शाखेतील तज्ज्ञांची तीव्र उणीव २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेच नमूद केली होती. रुग्णालयातील खाटा व यंत्रे दात्यांच्या औदार्याने उभी राहतात. परंतु रुग्ण तेथे वेळेवर पोहोचणे हे गावातल्या डॉक्टरांच्या निदानावर अवलंबून असते.