अवशिष्ट तेल : खडकातील अडकण व सुटका

एखादे तेलक्षेत्र 'संपले' असे आपण म्हणतो, तेव्हा भूगर्भातील तेल संपलेले नसते. पाणी सोडून तेल विहिरीकडे ढकलल्यावरही, ज्या वालुकाश्मातून ते पाणी वाहून गेले त्याच्या रंध्रांतील साधारणतः 20 ते 35 टक्के जागा तेलानेच व्यापलेली राहते. यासच अवशिष्ट तेल म्हणतात. ते मागे का राहते व कसे सुटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तेल तळ्यासारखे साठलेले असते, हा समज प्रथम दूर करावयास हवा. ते वाळूच्या कणांमधील रंध्रांत असते आणि ही रंध्रे अधिक अरुंद अशा कंठांनी परस्परांस जोडलेली असतात. जलस्नेही खडकात पाणी कणांच्या पृष्ठालगत पातळ थर धरून सरकते. कंठाशी हा थर फुगतो, तेलाचा सलग धागा तेथे तुटतो व रंध्रात तेलाचा गोळा सुटा पडतो. पुढील कंठातून जाण्यासाठी त्यास अंग आवळावे लागते. तेल व पाणी यांमधील आंतरपृष्ठीय ताण त्यास विरोध करतो.

"मग पंपाचा दाब का वाढवू नये?" असा प्रश्न वर्गात हमखास येतो. गणित करून पाहावे. कंठाची त्रिज्या 10 मायक्रॉन, रंध्राची 50 मायक्रॉन व ताण दर मीटरला 30 मिलिन्यूटन धरल्यास अडथळा सुमारे 4,800 पास्कल येतो. आकडा क्षुल्लक वाटतो खरा. परंतु गोळ्याची लांबी जेमतेम 0.2 मिलिमीटर असते. म्हणजे दर मीटरला सुमारे 240 वातावरणे इतका दाबाचा उतार हवा. विहिरीपासून दूर तो प्रत्यक्षात 0.2 वातावरणाच्या आसपास असतो. तूट हजारपटीची आहे. तेवढा दाब दिल्यास तेलाआधी खडकच फुटेल.

ताण मात्र हजारपट घटविता येतो. साबणाच्या जातीचे सर्फॅक्टंट हे कार्य करतात; तेलात आम्ले असल्यास अल्कली त्यांच्यापासून जागीच साबण तयार करते. पॉलिमरचे कार्य निराळे असून या दोहोंची गल्लत वारंवार होते. पॉलिमर पाणी घट्ट करून, ते जेथे पोहोचलेच नव्हते तेथे पोहोचविते. अडकलेला गोळा त्याने सहसा सुटत नाही. राजस्थानात 2004 साली सापडलेल्या मंगला क्षेत्रात तेल पाण्याहून बरेच घट्ट असल्याने आधी पॉलिमर वापरले गेले. अल्कली, सर्फॅक्टंट व पॉलिमर यांच्या मिश्रणाची चाचणीही तेथे झाली आहे.

सुटलेले गोळे एकमेकांत मिसळून तेलाचा सलग पट्टा व्हावा लागतो. वाटेत सर्फॅक्टंट खडकाच्या पृष्ठावर चिकटून खर्ची पडले, की ताण पुन्हा वाढतो आणि तेच तेल पुढील कंठाशी पुन्हा अडकते.