काळे चिरे, पांढरे चिरे

जर्मनीतील जुन्या शहरांची रचना पाहिली म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. शहराच्या मधोमध फरसबंदी केलेली एक प्रशस्त मोकळी जागा असते. तिच्या एका बाजूस नगरभवन, जवळच उंच मनोऱ्याचे प्रार्थनामंदिर आणि सभोवती व्यापाऱ्यांची उतरत्या छपरांची घरे असतात. बाजार तेथेच भरे, राजाज्ञा तेथेच वाचून दाखविली जाई आणि उत्सवही तेथेच साजरे होत. म्हणून ज्याला शहराचा इतिहास जाणून घ्यावयाचा असेल, त्याने प्रथम त्याच्या चौकात जाऊन उभे राहावे. तेथील दगडच त्याला पुष्कळ काही सांगतील.

अशा चौकांसाठी सॅक्सनी हा प्रांत प्रसिद्ध आहे. हा प्रांत जर्मनीच्या पूर्वेस, पोलंड आणि चेक प्रजासत्ताक या देशांच्या सीमेला लागून आहे. एल्ब नदी त्याच्यामधून वाहते. या नदीच्या काठी सॅक्सनीची राजधानी ड्रेस्डेन वसलेली आहे. नदीच्या वरच्या अंगास वालुकाश्माचे डोंगर आहेत. तेथील खाणींतून काढलेला दगड नावांमधून थेट शहराच्या धक्क्यापर्यंत आणता येई. ड्रेस्डेनच्या थोर वास्तू उभ्या राहिल्या, त्या या दगडाच्या बळावर.

सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने १६९४ ते १७३३ या काळात राज्य केले. त्याच्या शरीरसामर्थ्यामुळे लोक त्याला ‘बलाढ्य ऑगस्टस’ म्हणत. १६९७ मध्ये त्याला पोलंडचे राजपदही मिळाले. आपली राजधानी युरोपातील कोणत्याही राजधानीहून कमी दिसू नये, अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. त्याच्या आज्ञेवरून प्योपेलमान या वास्तुशिल्पज्ञाने ‘त्स्विंगर’ हा प्रासाद उभारला. तटबंदीच्या दोन भिंतींमधील जागेला जर्मन भाषेत त्स्विंगर म्हणतात. अशा जागी, युद्धासाठी राखलेल्या भूमीवर, कारंजी, सज्जे आणि पुतळे यांनी नटलेले हे उत्सवाचे प्रांगण निर्माण झाले. पेर्मोझर या मूर्तिकाराने तेथील पाषाणात देवदेवता आणि वनपुरुष असे काही कोरले आहेत, की सारी इमारत आपल्या खांद्यांवर तेच तोलून धरीत आहेत, असा पाहणाऱ्यास भास होतो. तेथील एका मंडपावर मायसेन गावी बनविलेल्या चिनी मातीच्या घंटा टांगलेल्या आहेत. त्यांचा नाद धातूच्या घंटांहून मृदू असतो.

त्स्विंगरच्या एका अंगास गॉटफ्रीड झेंपर याने एकोणिसाव्या शतकात चित्रशाळा बांधली. राफाएल या इटालियन चित्रकाराचे ‘सिस्टाइन मॅडोना’ हे जगप्रसिद्ध चित्र तेथे आहे. चित्रशाळेपलीकडे नाट्यगृहाचा विस्तीर्ण चौक लागतो. झेंपरने बांधलेले पहिले संगीत-नाट्यगृह १८६९ मध्ये आगीत भस्मसात झाले. दुसरे त्याच्याच आराखड्यावरून त्याच्या मुलाच्या देखरेखीखाली बांधले गेले आणि १८७८ मध्ये पूर्ण झाले. चौकाच्या एका बाजूस हे नाट्यगृह, समोर कॅथलिक पंथाचे राजमंदिर आणि शेजारी जुना राजवाडा, अशी या चौकाची शोभा आहे.

या राजवाड्यात भारतीय माणसाने, आणि त्यातही मराठी माणसाने, आवर्जून पाहावी अशी एक वस्तू आहे. डिंग्लिंगर नावाच्या सुवर्णकाराने आपल्या भावांच्या साहाय्याने १७०१ ते १७०८ या काळात ती घडविली. औरंगजेब बादशहाच्या वाढदिवसाचा दरबार तीत दाखविलेला आहे. सोने, चांदी, मीनाकाम आणि हजारो रत्ने यांनी घडविलेल्या त्या दरबारात बोटाएवढ्या उंचीचे सरदार, हत्ती, घोडे आणि नजराणे घेऊन आलेले सेवक आहेत. डिंग्लिंगरने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. प्रवाशांच्या वर्णनांवरूनच त्याने हे सारे कल्पिले. नवल असे, की तो ड्रेस्डेनमध्ये हा वैभवशाली दरबार रचीत असताना प्रत्यक्ष औरंगजेब दख्खनमध्ये मराठ्यांशी झुंजत होता. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला, तेव्हा ही कलाकृती पूर्णही झाली नव्हती.

राजवाड्याच्या बाहेरच्या एका भिंतीवर सॅक्सनीच्या राजघराण्याची मिरवणूक चितारलेली आहे. ती सुमारे १०२ मीटर लांब आहे. मूळ चित्र हवापाण्याने झिजू लागले, म्हणून १९०४ ते १९०७ या काळात ते मायसेनच्या चिनी मातीच्या सुमारे २३ हजार फरश्यांवर उतरविण्यात आले. ही भिंत उजव्या हाताला ठेवून चालत गेले, की थोड्याच वेळात प्रवासी ‘नॉयमार्क्ट’ म्हणजे नव्या बाजाराच्या चौकात येऊन पोहोचतो. येथे फ्राउएनकिर्खे, म्हणजे येशूमाता मेरीच्या नावाचे प्रार्थनामंदिर, आहे.

हे मंदिर राजाने नव्हे, तर नगरवासीयांनी बांधले. ऑगस्टसने पोलंडच्या मुकुटासाठी कॅथलिक पंथ स्वीकारला होता. पण त्याची प्रजा प्रोटेस्टंट पंथाचीच राहिली होती. या प्रजेला आपल्या श्रद्धेला साजेसे भव्य मंदिर हवे होते. नगराचा मुख्य सुतार गेओर्ग बेअर याच्यावर ते काम सोपविण्यात आले. १७२६ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला. घुमट लाकडाचा करून त्यावर तांब्याचा पत्रा मढवावा, असा प्रथम विचार होता. परंतु पायापासून शिखरापर्यंत सारे मंदिर एकाच पाषाणातून उगवल्यासारखे दिसावे, असा बेअरचा ध्यास होता. अखेर सुमारे १२ हजार टन वजनाचा दगडी घुमट आठ खांबांवर उभा राहिला. वरून अरुंद आणि खाली रुंद होत जाणाऱ्या त्याच्या आकारामुळे लोक त्याला ‘पाषाणाची घंटा’ म्हणू लागले. मंदिर १७४३ मध्ये पूर्ण झाले. पण ते पाहण्यास बेअर जिवंत नव्हता. १७३८ मध्येच त्याचे निधन झाले होते. आज त्याची समाधी या मंदिराच्या तळघरात आहे.

एवढा भार खांबांना पेलणार नाही, अशी भीती पुष्कळांनी व्यक्त केली होती. १७६० मध्ये प्रशियाच्या सैन्याने शहरावर तोफा डागल्या. गोळे घुमटावर आदळले, परंतु घुमट ढळला नाही. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे तो ड्रेस्डेनच्या आकाशरेषेवर विराजमान होता.

१९३९ मध्ये हिटलरच्या जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि दुसरे महायुद्ध पेटले. जर्मन विमानांनी वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री इत्यादी शहरांवर अग्निवर्षाव केला. कॉव्हेंट्री या इंग्लिश शहरातील प्राचीन कॅथीड्रल १९४० च्या नोव्हेंबर महिन्यात जळून गेले. युद्धाची ती आग शेवटी जर्मनीतच परतली. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ड्रेस्डेनवर दोनदा बाँबहल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकन विमाने आली. शहराचा जुना भाग एका ज्वाळेत लोपला. सुमारे २५ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्स्विंगर, राजवाडा, नाट्यगृह, सारे काही उद्ध्वस्त झाले. राजघराण्याच्या मिरवणुकीची भिंत मात्र बव्हंशी बचावली. कारण तिच्या फरश्या पूर्वीच भट्टीच्या प्रखर आचेतून निघालेल्या होत्या.

मेरीमंदिराचा घुमट त्या रात्री कोसळला नाही. दुसऱ्या दिवशीही तो उभा होता, आणि तो वाचला असे लोकांना वाटले. परंतु आतील आगीने खांबांचा दगड तापून फुटत चालला होता. १५ फेब्रुवारीच्या सकाळी खांबांनी दम सोडला आणि पाषाणाची ती घंटा प्रचंड गडगडाट करीत खाली आली. दोन भग्न भिंती आणि त्यांच्यामध्ये दगडांचा डोंगर, एवढेच चौकात उरले.

युद्धानंतर जर्मनीचे दोन भाग झाले. ड्रेस्डेन पूर्व जर्मनीत गेले. त्स्विंगर पुन्हा बांधण्यात आला आणि हल्ल्याला चाळीस वर्षे झाली त्या दिवशी, १३ फेब्रुवारी १९८५ रोजी, नाट्यगृहाचे दरवाजे पुन्हा उघडले. मेरीमंदिराचे अवशेष मात्र युद्धाचे स्मारक म्हणून तसेच राखले गेले. १९८२ पासून दर वर्षी त्या रात्री तरुण मंडळी हातात मेणबत्त्या घेऊन त्या ढिगाऱ्यापाशी मूकपणे जमू लागली.

१९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाले. त्याच वर्षी काही नागरिकांनी मंदिर पुन्हा उभारण्याची हाक साऱ्या जगाला दिली. सर्वांनाच ती रुचली असे नाही. भग्न मंदिर हेच युद्धाविरुद्धचे खरे प्रवचन आहे, ते झाकून टाकू नये, असे कित्येकांचे म्हणणे होते. एवढे द्रव्य दुसऱ्या गरजांवर खर्च करावे, असेही काही म्हणत. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. पुष्कळ वाद झाल्यावर असे ठरले, की मंदिर बांधावे, परंतु जुन्या दगडांसह बांधावे, म्हणजे जखमही दिसत राहील.

१९९३ मध्ये ढिगारा उपसण्यास आरंभ झाला. प्रत्येक मोठा दगड कोठे सापडला याची नोंद करण्यात आली, त्याचे मोजमाप घेण्यात आले, त्याला क्रमांक देण्यात आला आणि चौकात उभारलेल्या मांडण्यांवर तो ठेवण्यात आला. कोणता चिरा मूळ भिंतीत कोठे होता, हे शोधण्यास संगणकाचे साहाय्य घेतले गेले. दारांवरील नक्षी कशी होती हे जाणण्यासाठी, ज्यांचे विवाह त्या मंदिरात झाले होते, त्यांच्याकडून जुनी छायाचित्रे मागविण्यात आली. वेदीचे सुमारे दोन हजार तुकडे सापडले. ते जुळवून ती पुन्हा उभी करण्यात आली. या कार्यास सुमारे १८ कोटी युरो लागले. त्यांपैकी १० कोटींहून अधिक रक्कम निरनिराळ्या देशांतील लोकांच्या देणग्यांतून आली. ३० ऑक्टोबर २००५ रोजी मंदिर पुन्हा प्रार्थनेसाठी खुले झाले.

घुमटाच्या शिखरावरील सोनेरी क्रूस इंग्लंडमधील लोकांनी भेट दिला. तो अ‍ॅलन स्मिथ या लंडनमधील कारागिराने घडविला. त्याचे वडील १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बाँब टाकणाऱ्या विमानांपैकी एका विमानाचे चालक होते. पित्याने ज्या शहरावर आग ओतली, त्याच शहराच्या मस्तकावर पुत्राने घडविलेला क्रूस चढला. ढिगाऱ्यात सापडलेला, वाकलेला जुना क्रूस मंदिराच्या आत ठेवलेला आहे. त्याच्यापाशी येणारे लोक मेणबत्त्या लावतात.

सॅक्सनीतील दुसरे मोठे शहर लाइपझिग. तेथील चौक वेगळी कथा सांगतो. त्या शहरातील विद्यापीठाचे प्राचीन मंदिर महायुद्धातून बचावले होते. परंतु ३० मे १९६८ रोजी पूर्व जर्मनीच्या राजवटीने सुरुंग लावून ते पाडले. समाजवादी नगराच्या चौकात त्याला स्थान नको, असे सत्ताधाऱ्यांना वाटले. जवळच असलेल्या निकोलस मंदिरात पुढे दर सोमवारी शांततेची प्रार्थना होऊ लागली. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सायंकाळी सुमारे ७० हजार नागरिक त्या परिसरातून निःशस्त्र चालत निघाले. शस्त्रसज्ज शिपाई समोर उभे होते, परंतु एकही गोळी सुटली नाही. महिनाभरातच बर्लिनची भिंत उघडली. वास्तू पाडता येते; पण चौकात जमण्याची लोकांची सवय मोडता येत नाही, हेच त्या सायंकाळी दिसून आले.

आज नॉयमार्क्टमध्ये उभे राहून मेरीमंदिराकडे पाहिले, तर त्याच्या पिवळसर पांढऱ्या भिंतींत ठिकठिकाणी काळे चिरे दिसतात. ते आगीने काळवंडले, असे पुष्कळ प्रवाशांना वाटते. वस्तुतः एल्बेच्या वालुकाश्मात लोहाचा अंश असतो आणि ऊनपावसात वर्षानुवर्षे राहिल्याने तो आपोआपच काळा पडतो. काळे चिरे बेअरच्या काळचे, पांढरे आपल्या काळचे. कालांतराने पांढरे चिरेही काळे होतील आणि जुने कोणते व नवे कोणते, हे डोळ्यांना ओळखता येणार नाही. त्या वेळी युद्धाची आठवण दगड देणार नाहीत. ती जपण्याचे काम माणसांनाच करावे लागेल.