शिंगवाल्या भुंगेऱ्याचे गाव

तान्ह्या बाळाच्या तोंडात चट्टे उठले किंवा लाळ फार गळू लागली, की माझी आजी एका जुन्या डब्यातून लाकडासारखा कठीण तुकडा काढायची आणि सहाणेवर पाण्यात उगाळून त्याचा तपकिरी लेप बाळाच्या हिरड्यांना लावायची. तो फणसोंबा. फणसाच्या जुन्या खोडावर फळीसारखे बाहेर येणारे आळंबे. पुढे मी प्राणिशास्त्र शिकले, एकतीस वर्षे कोकणातल्या महाविद्यालयात ते शिकवले. पण अशा आळंब्याच्या आत कोणी राहत असेल का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला निवृत्तीनंतर, घरापासून हजारो मैलांवर.

माझा मुलगा अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य भागात, अ‍ॅपलाचियन डोंगररांगांमध्ये राहतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेले असताना एका संध्याकाळी नातीला घेऊन जवळच्या रानात फिरत होते. वाटेत एक मोठे झाड आडवे पडलेले होते आणि त्याच्या खोडावर हाताच्या पंजाएवढी आळंबी एकावर एक रचल्यासारखी आली होती. एका आळंब्याचा टवका निघालासा वाटला म्हणून मी तो उचलला. त्याला पाय होते. ते अंगाशी घट्ट मिटलेले होते.

“आजी, मेलाय का गं हा?” असे म्हणत नातीने माझ्या तळहातावर तोंड नेले आणि बारीकशी फुंकर घातली. त्या ‘मेलेल्या’ जिवाच्या मागच्या टोकातून काहीतरी चटकन बाहेर आले आणि एक झोंबरा, उग्र वास पसरला. नात ओरडून मागे सरली. मी मात्र त्या रात्री झोपलेच नाही. मुलाच्या संगणकावर वाचत बसले.

त्याचे शास्त्रीय नाव बोलिटोथेरस कॉर्नुटस. कॉर्नुटस म्हणजे शिंगवाला. १७९४ साली पांझर या जर्मन अभ्यासकाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. लांबी साधारण एक सेंटिमीटर, रंग काळपट तपकिरी, अंगभर खडबडीत पुटकुळ्या. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत तो आढळतो. तिथेही त्याची सारी वस्ती झाडांवरच्या कठीण आळंब्यांवर, मुख्यतः गॅनोडर्मा आणि फोमिस या वंशांतल्या आळंब्यांवर असते.

ही आळंबी आपल्या पावसाळी अळंब्यांसारखी दोन-चार दिवसांची पाहुणी नसतात. गॅनोडर्मा अप्लानेटम हे आळंबे वर्षानुवर्षे जगते आणि दरवर्षी खालच्या बाजूला सूक्ष्म नळ्यांचा नवा थर चढवते. त्या नळ्यांतून अब्जावधी बीजाणू हवेत सुटतात. खालचा पृष्ठभाग पांढरा असतो. त्यावर नखाने ओरखडा काढला तर तिथे तपकिरी रेघ उमटते, म्हणून हौशी लोक त्यावर चित्रे काढतात. पण आपल्याला बाहेर दिसते ते केवळ फळ. खरे कवक खोडाच्या आत तंतूंच्या रूपाने पसरलेले असते आणि लाकडातले चिवट लिग्निन मोडत असते. लाकूड थेट पचवणे बहुतेक प्राण्यांच्या आवाक्याबाहेरचे. कवक ते मोडते, त्यातून आपले अंग घडवते आणि भुंगेरा ते अंग खातो. मेलेले झाड असे पुन्हा जिवंतांच्या पंगतीत येते.

मादी आळंब्याच्या पृष्ठभागावर एकेक सुटे अंडे घालते आणि त्यावर काळपट लेप चढवते. अंड्यातून निघालेली अळी सरळ आळंब्यात शिरते. तेच तिचे घर आणि तेच अन्न. खात खात ती बोगदे करते, आतच कोशात जाते आणि भुंगेरा होऊन बाहेर पडते. दिवसा हे भुंगेरे आळंब्याच्या किंवा सालीच्या खोबणीत दडून असतात आणि रात्री बाहेर येतात. प्रौढ झाल्यावर काही दिवसांत मरणारे कीटक पुष्कळ. हा मात्र काही वर्षे जगू शकतो. म्हणूनच अभ्यासक त्याच्या पाठीवर खुणा करून तोच भुंगेरा पुन्हा पुन्हा पाहू शकतात.

शिंगे असतात ती नराला. छातीवरून दोन शिंगे पुढे डोक्यावर झुकतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला पिवळसर केसांची झालर असते. नर मादीच्या पाठीवर चढून तिची मनधरणी करत असताना दुसरा नर येतो आणि शिंगांनी त्याला उचकटून काढू पाहतो. जेफ्री कॉनर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांब शिंगांच्या नरांना माद्या अधिक मिळतात असे दिसले. पण प्रौढ कीटकाची वाढ होत नाही. त्याचे आकारमान अळी असतानाच ठरून गेलेले असते. रणांगणावर दिसणारे शिंग आळंब्याच्या अंधारात, खाता खाता, आधीच तयार झालेले असते.

नातीच्या फुंकरीचा उलगडाही कॉनर यांच्याच कामात मिळाला. १९८५ साली त्यांनी थॉमस आयझनर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिले, की सस्तन प्राण्याचा उच्छ्वास अंगावर आला की हा भुंगेरा पोटाच्या टोकाच्या ग्रंथी बाहेर काढतो. त्या ग्रंथींत क्विनोन वर्गातली झोंबरी रसायने असतात. नुसते उचलले तर तो मेल्याचे सोंग घेतो. उबदार, दमट श्वास जवळ आला, म्हणजे कोणाचे तरी तोंड अगदी जवळ आले, की मगच तो ठेवणीतले शस्त्र बाहेर काढतो. आमच्या नातीला त्याने उंदरांच्या रांगेत बसवले होते.

मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते त्याच्या पंखांनी. त्याला पंख आहेत, पण तो सहसा उडत नाही. वर्णन झाले १७९४ साली आणि त्याच्या उड्डाणाची पहिली नोंद छापून आली ती १९९९ साली! मधली दोनशे वर्षे तो माणसांना चालताना आणि बसलेलाच दिसला. असा जीव पडलेल्या एका खोडावर जन्मतो आणि बहुधा तिथेच, फार तर शेजारच्या खोडावर, आयुष्य काढतो. खोड म्हणजे त्याचे गाव आणि आळंबे म्हणजे घर.

पण हे गाव कायमचे नाही. कवक लाकूड संपवते, भुंगेरे आळंबे संपवतात, आणि कधीतरी खोडाची माती होते. त्याआधी काहींना निघावे लागते. मायकेल व्हिटलॉक यांनी व्हर्जिनियाच्याच डोंगरातल्या माउंटन लेक परिसरात या वस्त्यांचा अभ्यास करून १९९२ साली तो प्रसिद्ध केला. वस्त्या उठतात, नव्या खोडांवर नव्या वसतात. नवे गाव थोडेच भुंगेरे वसवतात, त्यामुळे नव्या वस्त्यांमध्ये आनुवंशिक फरक जुन्यांपेक्षा अधिक असतो. एकेक वस्ती मोडणे म्हणजे अनर्थ नव्हे. चालत जाण्याच्या अंतरावर पुढचे कुजणारे खोड नसणे, हा अनर्थ. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात केहलर आणि बोंड्रप-नील्सन यांनी सलग जंगल आणि शेतांमध्ये तुकडे होऊन उरलेले जंगल यांची तुलना केली. ती १९९९ साली आली. या भुंगेऱ्याचे असणे-नसणे वस्त्यांमधल्या दुराव्याशी बांधलेले आहे, हे तिने पुढे आणले.

हे वाचताना मला आमच्या महाविद्यालयाचे आवार आठवले. मागच्या कुंपणाशी एक वठलेला फणस होता, अंगभर आळंबी असलेला. पाहणीसाठी समिती येणार म्हणून परिसर स्वच्छ करायचा ठरला आणि ती जबाबदारी माझ्याकडे होती. मीच तो तोडायला सांगितला, मुलांकडून ओंडके रचून घेतले आणि जाळले. त्या दिवशी मी पाचवीलाही शिकवता येईल असे वाक्य बोलले होते : “मेलेल्या झाडाचा काय उपयोग?” समोर प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी उभे होते. कोणी आळंबे फोडून पाहिले नाही. मी तर नाहीच.

हा अमेरिकी भुंगेरा कोकणात राहत नाही. पण कुजत्या लाकडावर जगणारी बिऱ्हाडे सगळ्याच जंगलांत असतात. ब्रिटिश परिसंस्था-अभ्यासक चार्ल्स एल्टन यांनी १९६६ सालीच बजावले होते, की पडलेले आणि कुजणारे लाकूड उचलून नेले तर जंगलातले कदाचित एक पंचमांश प्राणिजीवन हरवेल. आपल्या देवराया कितीतरी ठिकाणी टिकल्या त्या पडलेली फांदीही उचलायची नाही या दंडकावर. तो दंडक घालणाऱ्यांनी कीटकशास्त्र वाचले नव्हते. मी वाचले होते, आणि तरीही मी काडी ओढली.

परत आल्यावर, दिवाळीच्या आवराआवरीच्या दिवसांत, गावाहून पुतण्याचा फोन आला. “काकू, पावसात मागचा फणस पडलाय. गडी आलेत, तोडून चुलीपाशी रचून घेऊ ना?”

“फांद्या ने,” मी म्हटले, “खोड राहू दे.”

“ते कुजून जाईल गं.”

“जाऊ दे. मी येते पाहायला.”

परवाच जाऊन आले. खोडावर अजून काही नाही. साल तेवढी एका बाजूने सुटू लागली आहे. भिंग तिथल्याच खुंटीला अडकवून ठेवले आहे.