जुन्या मोटारसायकलमधला विजेचा दोष शोधायचा कसा?



आपल्यापैकी कितीतरी जण आजही जुन्या स्प्लेंडरवर वाडीवस्तीवरची शाळा गाठतात. इंजिन ठणठणीत असतं, पण हॉर्न वाजत नाही, ब्रेक दाबला तरी मागचा दिवा लागत नाही. "चालतंय की!" म्हणून आपण सोडून देतो. पण अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला आपण थांबतोय हे कळलंच नाही तर? म्हणून आज हा विषय घेऊ. मुलांना शिकवतो तोच विद्युत परिपथ इथे कामाला येतो. वीज बॅटरीतून निघते, दिव्यातून जाते आणि परत बॅटरीकडे येते. ही वाट कुठेही तुटली की दिवा बंद.

आधी दोन भाग वेगळे करा

किकवाल्या बहुतेक जुन्या १०० सीसी गाड्यांत प्लगची ठिणगी आणि हेडलाइट यांना वीज थेट मॅग्नेटच्या कॉइलमधून मिळते. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट मात्र बॅटरीवर चालतात. म्हणून बॅटरी मेली तरी अशी गाडी किकने सुरू होते. प्लगला ठिणगीच नसेल तर बॅटरी बदलून काही उपयोग नाही. जुन्या पॉइंटवाल्या बुलेटचं वेगळं आहे. तिथे ठिणगीलाही बॅटरी लागते.

आता लक्षणं बघा. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट तिन्ही बंद असतील, तर दोष तिघांच्या सामाईक वाटेवर आहे : बॅटरी, फ्यूज किंवा चावीचा स्विच. एकच बंद असेल, तर त्याचा बल्ब, होल्डर, स्विच किंवा वायर तपासा.

मग क्रमाने तपासा

१) फ्यूज : उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. सिगारेटची चांदी किंवा तार गुंडाळू नका. शॉर्ट असेल तर फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर हँडलच्या गळ्यापाशी आणि सीटखाली घासलेली वायर शोधा.

२) बॅटरी : साध्या मल्टीमीटरने मोजा. इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती उतरली आहे. हॉर्न दाबताच आकडा ९-१० वर कोसळला, तर आधी चार्ज करून पुन्हा बघा. तरीही कोसळला तर बॅटरी थकली.

३) चार्जिंग : इंजिन सुरू करून थोडा रेस द्या. बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा वाढतच नसेल, तर कॉइल, रेक्टिफायर किंवा मधले कनेक्टर बघा. हे न बघता नवी बॅटरी घेतली, तर तीही काही दिवसांत उतरते आणि पैसे पाण्यात जातात.

४) अर्थिंग : जुन्या गाडीत हा दोष फार सापडतो. परतीची वाट म्हणजे गाडीची लोखंडी बॉडी. तिथे गंज चढला की दिवा मंद होतो. चावी चालू करून ब्रेक दाबून धरा. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी मागच्या होल्डरच्या धातूला लावा. जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला, तर जोड पॉलिश पेपरने घासून घट्ट करा.

मीटर नसेल तर?

१२ व्होल्टच्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी जोडा. एक बॅटरीच्या मायनसला ठेवा. चावी चालू करून दुसरी बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, चावी, स्विच, होल्डर अशी पुढे पुढे लावत जा (ब्रेक लाइट तपासताना ब्रेक दाबलेला हवा). बल्ब जिथे विझतो, दोष त्याच्या आणि आधीच्या ठिकाणाच्या मध्ये आहे. होल्डरपर्यंत बल्ब लागत गेला, तर गाडीचा बल्ब किंवा अर्थिंग बघा.

सातवीच्या वर्गात सेल, बल्ब आणि एक गंजका खिळा घेऊन हाच प्रयोग करता येतो. मुलांना अंदाज करू द्या : बल्ब का लागत नाही? आणि उद्या शाळेत निघण्यापूर्वी ब्रेक दाबून मागे कुणाला तरी विचारा, "दिवा लागला का रे?"