कळा सुरू झाल्या की बाळाचे ठोके ऐकले जातात का?

वस्तीत बाई बाळंत होऊन आली की आपण विचारतो, मुलगा की मुलगी? नॉर्मल की सिझर? कळा चालू असताना बाळाचे ठोके किती वेळा ऐकले, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही लेबर रूममध्ये नर्स म्हणून काम केलं आहे, म्हणून सांगतो, हा प्रश्न बाळाच्या जिवाचा आहे.

कळ येते तेव्हा गर्भपिशवी आवळते. तेवढा वेळ वारेकडे जाणारं रक्त घटतं आणि बाळाला प्राणवायू कमी मिळतो. धडधाकट बाळ हे सोसतं, कळ ओसरली की सावरतं. पण नाळ दाबली गेली, कळा फार जवळजवळ आल्या, आईचा बीपी वाढलेला असला किंवा बाळाची वाढ कमी असली, तर ते सावरेलच असं नाही. पोटातलं बाळ रडून सांगू शकत नाही. त्याची खबर ठोक्यांवरून घ्यावी लागते.

किती ठोके, किती वेळाने?

मिनिटाला 110 ते 160 ठोके ठीक समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशीप्रमाणे, जोराच्या कळा सुरू झाल्यावर दर 15 ते 30 मिनिटांनी आणि बाई जोर करू लागली की दर 5 मिनिटांनी ठोके ऐकायचे. ऐकायचे ते निदान एक मिनिट, आणि कळ ओसरल्यावरही अर्धा मिनिट तरी. कारण खरी गोष्ट कळ गेल्यावरच कळते. ऐकताना आईच्या मनगटाची नाडीही धरायची, नाहीतर आईचेच ठोके बाळाचे म्हणून मोजले जातात.

यासाठी साधा फिटोस्कोप किंवा हातातलं डॉप्लर पुरतं. जोखीम नसलेल्या प्रत्येक बाईला पट्टा बांधून सतत आलेख काढणारं मोठं मशीन लागत नाही. त्याने सिझर वाढतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे मशीन नाही म्हणून ठोके ऐकले नाहीत, ही सबब चालणार नाही.

ठोक्यांची नोंद त्याच वेळी तक्त्यावर व्हायला हवी. एका दवाखान्यात बाळंतपण उरकल्यावर सगळा तक्ता एका बैठकीत भरताना आम्ही पाहिलं आहे. असा तक्ता बाळाला वाचवत नाही, फक्त फाईल पूर्ण करतो.

ठोके बिघडले तर

बाईला कुशीवर वळवतात, कळा वाढवायची सलाईन चालू असेल तर बंद करतात, नाळ खाली आली आहे का ते तपासतात आणि डॉक्टरांना बोलावतात. तरीही ठोके सुधारले नाहीत तर लवकर सुटका करावी लागते किंवा पुढे पाठवावं लागतं. तेरखेड्याहून धाराशिवला जायचं तर येरमाळा, येडशी ओलांडावं लागतं. म्हणून बिघाड लवकर कळणं आपल्याकडे शहरापेक्षा जास्त मोलाचं आहे.

घरच्यांनी काय करावं?

- बाईजवळ एक जाणती बाई थांबू द्या, असा आग्रह धरा. सरकारच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीण मान्य आहे.
- घड्याळ बघा आणि नम्रपणे विचारा, "सिस्टर, ठोके किती आहेत? कळ गेल्यावर ऐकलेत का?"
- पाणी हिरवं-काळपट गेलं, रक्त जाऊ लागलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर लगेच सांगा.
- कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कोणाकडूनही टोचून घेऊ नका. ऊसतोडीच्या फडावर तर मुळीच नाही. त्यानंतर ठोके ऐकणारं तिथे कोणी नसतं.
- सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं आणि पुढे न्यायची गाडी मोफत आहे. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हा हक्क आहे. 102 आणि 108 हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

"जास्त शहाणपणा करू नका," असं कोणी दरडावलं तरी गप्प बसू नका. लेबर रूममधल्या आमच्या बहिणींवरही कामाचा ताण असतो, हे आम्ही जाणतो. तरीही विचारा. विचारणारं माणूस शेजारी उभं असलं की ठोके वेळेवर ऐकले जातात, हे आम्ही दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.